रीटाचा पगार कुणाचा?

“रीटाला मी नोकरी सोडायला सांगितलंय,” लोपीस काका खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले. “गुरुवारी जाऊन नोटीस देऊन येईल. आता तू मला यातून बाहेर काढ, बाय.”

मी त्यांना आधी बसवलं. पंच्याहत्तर सालातला जानेवारी होता, सिडनीतला भर उन्हाळा. आमचं ऑफिस ब्लॅकटाउन स्टेशनजवळ, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर. पत्र्याचं छप्पर, आणि पंखा एकच. तो माझ्या बॉसच्या, कीथच्या, केबिनमध्ये. कीथ टॅक्स एजंट होता, म्हणजे लोकांचे टॅक्स रिटर्न भरून द्यायचा परवाना असलेला माणूस. मी त्याची असिस्टंट अकाउंटंट. वसईच्या भाजीवाल्याची मुलगी, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली. हे मी सांगते, कारण मला ते सांगायला आवडतं. ऑफिसात येणारे निम्मे क्लायंट मला टायपिस्ट समजायचे. मी त्यांचं पत्र टाइप करून द्यायचे आणि मग सांगायचे की आतले आकडेही माझेच आहेत.

लोपीस काका आमच्याच बाजूचे. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर. रविवारच्या मिसेनंतर चर्चच्या अंगणात आम्ही चार-पाच मराठी घरं एकत्र उभी राहायचो, तिथली ओळख. माणूस सरळ. सरकारी कागद आला की आधी हात धुऊन मग उघडणारा. त्यांची मुलगी रीटा युनिमध्ये फार्मसी शिकत होती, तिसरं वर्ष तोंडावर आलं होतं. गुरुवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी ती ब्लॅकटाउनच्याच एका केमिस्टकडे काम करायची, नाताळाच्या आधी पूर्ण आठवडा.

तर टॅक्स ऑफिसचं पत्र आलं होतं. सभ्य पत्र. तुम्ही तुमच्या रिटर्नमध्ये मुलगी डिपेंडंट म्हणून दाखवली आहे, तिचं उत्पन्न शून्य लिहिलं आहे, तरी तिच्या नावाचं ग्रुप सर्टिफिकेट तुमच्याच रिटर्नला जोडलेलं आढळलं, कृपया खुलासा करावा.

इथे दोन शब्द सांगायला हवेत. ग्रुप सर्टिफिकेट म्हणजे जूनअखेर मालकाने नोकराला द्यायचा कागद: वर्षभरात पगार किती दिला, त्यातून टॅक्स किती कापला. आणि डिपेंडंट म्हणजे तुमच्या जिवावर जगणारं माणूस. त्या काळी पंचवीस वर्षांखालचं, पूर्ण वेळ शिकणारं मूल तुम्ही पोसत असाल, तर सरकार तुमच्या उत्पन्नातून एक ठरावीक रक्कम वजा करायचं आणि उरलेल्यावर टॅक्स घ्यायचं. पण मूल स्वतः कमवत असेल तर त्याच्या कमाईच्या मानाने ती सूट कमी कमी होत जायची. थोडक्यात, शिकणाऱ्या मुलाने काम करायला काहीच हरकत नव्हती. फक्त ते सांगायचं होतं.

“काका, रीटाचं सर्टिफिकेट तुम्ही स्वतः जोडलंत?”

“मग कोण जोडणार? माझं एक, तिचं एक. दोन्ही पगारांची बेरीज केली आणि वर लिहिली.”

मी रिटर्नची कॉपी बघितली. खरंच होतं. काकांनी स्वतःच्या उत्पन्नात मुलीचा पगार मिळवला होता, आणि त्या सगळ्यावर आपल्या दराने टॅक्स भरला होता. केमिस्टकडच्या पोरीच्या पगारावर, चौदा वर्षं नोकरी झालेल्या फिटरच्या दराने.

मी विचारलं, असं का केलंत? ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच कॉलेजात काही शिकले नाही.

त्यांच्या घरी लग्न होईपर्यंत मुलांचा पगार बापाच्या हातात यायचा. त्यांनी स्वतः लग्नाच्या आदल्या महिन्यापर्यंत आपला पगार आपल्या बापाला दिला होता. आमच्या घरीही तेच होतं, माझ्या भावाने तेच केलं. रीटा शनिवारी दुपारी घरी आली की पगाराचं पाकीट न उघडता बापाकडे द्यायची. बाप ते घरखर्चात टाकायचा आणि तिला ट्रेनचं भाडं, पुस्तकं, कपडे, लागेल ते द्यायचा. तेव्हा काकांच्या हिशोबाने घरात उत्पन्न एकाचंच होतं. घरच्या कर्त्या माणसाचं.

“पण मग रीटाच्या जागी शून्य का लिहिलंत?”

“अगं, वर एकदा धरलंय ना? तेच पैसे खाली परत लिहिले तर सरकारला वाटेल आमच्याकडे दुप्पट येतात. खोटं कसं लिहू?”

एवढ्या प्रामाणिकपणे चुकलेलं रिटर्न मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पण काकांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. त्यांनी वर्कशॉपमध्ये कुणाला तरी पत्र दाखवलं होतं, आणि त्याने सांगितलं होतं की ही फसवणुकीची सुरुवात असते, यातून कोर्टापर्यंत जातं. त्यांच्या डोक्यात एकच गणित बसलं होतं: मुलीने काम केलं म्हणून सरकारदरबारी बाप खोटारडा ठरला. काम बंद, तर विषय बंद.

रीटाला ते परवडणारं नव्हतं, आणि ते मला त्याच दिवशी आर्वोला, म्हणजे दुपारी, कळलं. बाप गेल्यावर दोनेक तासांत मुलगी जिना चढून वर आली. धुऊन आणलेला पांढरा कोट हातावर, चेहरा लाल.

“आँटी, यू हॅव टू टॉक टू हिम,” ती म्हणाली. मग मराठीत आली, कारण रडू येत होतं आणि रडताना ती मराठीत यायची. फार्मसीची डिग्री झाल्यावर एक वर्ष एखाद्या केमिस्टच्या हाताखाली काढावं लागतं, त्याशिवाय रजिस्ट्रेशन मिळत नाही. तिच्या केमिस्टने ती जागा तिला द्यायचं कबूल केलं होतं. दुसऱ्या दोन मुली त्या जागेवर टपून होत्या. आता मध्येच सोडून गेली तर तो कशाला थांबेल? आणि ब्लॅकटाउनमध्ये साडी नेसणाऱ्या आईची मुलगी काउंटरवर ठेवायला सगळेच केमिस्ट काही तयार नव्हते, हेही ती म्हणाली, अगदी सहज, हवामान सांगावं तसं.

मी म्हटलं, गुरुवारी कामावर जा. नोटीस देऊ नकोस. बाबांना सांग, अकाउंटंटने सांगितलंय की चौकशी चालू असताना काही बदल करायचा नसतो.

“इज दॅट ट्रू?”

“आता मी सांगितलंय ना? मग ट्रू.”

कीथला मी सगळं सांगितलं. तो खुर्चीत मागे रेलून छपराकडे बघत हसला. म्हणाला, बाप टॅक्स चुकवतोय असं वाटून ऑफिसरने फाइल उघडली असेल, आणि आत बघतो तर याने जास्तच भरलाय. मग म्हणाला, आमच्या घरी आम्ही भाऊ आणि आमचा म्हातारा, सगळे पाकीट न उघडता आईकडे द्यायचो. आईने आयुष्यात एक रिटर्न भरलं नाही.

त्याचा सल्ला साधा होता. एका ओळीचं पत्र पाठव: चुकून लिहिलं गेलं, क्षमस्व, दुरुस्त करावं. रीटाचं वेगळं रिटर्न भर. नो वरीज.

काम म्हणून हे बरोबर होतं. रीटाचा पगार तिच्या रिटर्नमध्ये गेला की तिची कमाई इतकी लहान की कापलेला टॅक्स बराचसा तिला परत मिळणार. काकांचं उत्पन्न कमी झालं की त्यांनाही परतावा. सूट मात्र घटणार. घटताना हिशोब धरायचा तो तिच्या निव्वळ कमाईचा, म्हणजे ती कमवण्यासाठी झालेला खर्च वजा जाता. पांढरे कोट तिने स्वतः घेतले होते, त्यांची धुलाई होती. ते धरून थोडी सूट उरत होती. सगळं मिळून लोपीस कुटुंब फायद्यात होतं.

मी काकांना बोलावून पत्र पुढे ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

“चूक झाली असं मी लिहून देणार नाही.”

“काका, फक्त एक शब्द आहे.”

“चूक कुठे झाली? मी घर चालवलं. आणि हे खाली काय लिहिलंस? ‘सदर रक्कम मुलीच्या मालकीची आहे.’ म्हणजे माझ्या घरात माझी एक चूल आणि तिची एक?”

मी समजावलं. कायद्याला चूल दिसत नाही, ज्याने काम केलं त्याचं नाव दिसतं. ज्याच्या हातात पाकीट येतं तो मालक नसतो. त्यांना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, मुलगी वेगळी कमावती आहे असं एकदा सरकारला लिहून दिलं की मग तिला मी शिकवतो हे कोण मानणार? सूट किती मिळते याची त्यांना पडली नव्हती. रिटर्नच्या कागदावर एक ओळ होती: मुलीला पोसणारा, शिकवणारा, बस्त्याव लोपीस. अख्ख्या ऑस्ट्रेलियात त्यांनी केलेल्या कामाची ती एकच नोंद होती, आणि ती मी पुसायला निघाले होते.

एवढं कळल्यावर मी कीथचं पत्र फाडलं. दुसरं लिहिलं, दोन पानी. त्यात ‘चूक’ हा शब्द नव्हता. आमच्याकडे काय रीत असते, पगार कुणाच्या हातात जातो, म्हणून या गृहस्थांनी रक्कम लपवली तर नाहीच, उलट स्वतःच्या नावावर घेऊन तिच्यावर टॅक्स भरला, असं सगळं सविस्तर. त्यावर काकांनी सही केली. कीथने पत्र वाचलं आणि विचारलं, हे रिटर्न आहे की लग्नाचा प्रस्ताव? पण पाठवलं.

उत्तर आलं ते भेटीचं. ऑफिसर म्हणाला, बाप आणि मुलगी दोघांना घेऊन सिटीत या.

कीथने मलाच पाठवलं. ट्रेनमध्ये मी काकांना पढवत होते: विचारतील तेवढंच सांगायचं, हो की नाही, जास्त बोलायचं नाही. काका प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. चर्चचा सूट घातला होता, फेब्रुवारीच्या उकाड्यात. रीटा खिडकीला नाक लावून बसली होती. आदल्या रात्री बापाने तिला सांगून ठेवलं होतं की साहेब नाराज दिसला तर परतताना स्टेशनवरून सरळ केमिस्टकडे जायचं आणि दुकानाची चावी परत द्यायची.

ऑफिसर पन्नाशीचा, टक्कल पडलेला, शर्टाच्या बाह्या दुमडलेला. माझं पत्र त्याच्यासमोर होतं. त्याने सरळ विचारलं, मिस्टर लोपीस, तुमची मुलगी तुम्हाला बोर्ड देते का?

बोर्ड म्हणजे कमावतं मूल घरी राहण्या-जेवण्याचे आठवड्याला जे पैसे देतं ते. ऑस्ट्रेलियन घरांत ही अगदी साधी गोष्ट. ऑफिसरने चांगल्या मनाने विचारलं होतं. काकांना ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं होतं.

काका उभे राहिले.

“बोर्ड?” ते म्हणाले. “सर, शी इज माय डॉटर. नॉट लॉजर.” आणि मग सुरू झाले. वर्कशॉपच्या इंग्रजीत, मध्ये मध्ये मराठी. आपल्या घरात पोरगी जेवते त्याचे पैसे घेणारा बाप त्यांनी अजून बघितला नाही. तिने कमावलेला एकही डॉलर त्यांनी स्वतःवर खर्च केला नाही. बिअर तर लेंटच्या उपवासात सोडतात, आणि एरवीही आपल्या ओव्हरटाइममधून पितात. तिची पुस्तकं कोण आणतं, युनिसाठी रेडफर्नपर्यंतचा ट्रेनचा पास कोण काढतं, परीक्षेच्या दिवसांत तिच्यासाठी पहाटे चहा कोण करतं. मी त्यांच्या कोटाची बाही ओढत होते. त्यांनी बाही सोडवून घेतली.

ऑफिसर शांतपणे ऐकत राहिला. नंतर मला कळलं की काका जे सांगत होते तेच त्याला हवं होतं. मुलीला पोसतो कोण, एवढाच प्रश्न होता. बोर्ड देते म्हटलं असतं तर त्याला आणखी दहा प्रश्न विचारावे लागले असते.

काका बसल्यावर त्याने पुढचा प्रश्न विचारला. “तिला तिचे पैसे हवे असतील तर तुम्ही देता?”

“तिला मागावंच लागत नाही,” काका म्हणाले. “लागेल ते आधीच मिळतं.”

“इज दॅट राइट, मिस लोपीस?”

रीटाने बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी टेबलाकडे बघत राहिले.

“मोस्टली,” ती म्हणाली.

काकांची मान गर्रकन वळली. “मोस्टली? काय मिळालं नाही तुला?”

“बूट, डॅड. दोन विंटर झाले. केमिस्टमध्ये दिवसभर उभं राहून पाय दुखतात.”

“मला कधी सांगितलंस?”

“मम्मीला सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही सांगाल आहेत ते बरे आहेत.”

“मी कधी असं म्हणालो?”

“नाही म्हणालात. ती म्हणाली तुम्ही म्हणाल.”

हे सगळं मराठीत चाललं होतं. ऑफिसरने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी म्हटलं, शूज. त्याने गंभीरपणे मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. शूज लिहिलं की काय, मला अजून माहीत नाही.

मला वाटलं, आता संपलं, चावी परत जाणार. मग मी ठरवलं की जे मी इतके दिवस सांगून उपयोग झाला नाही, ते या माणसाच्या तोंडून येऊ दे. मी विचारलं, सर, पूर्ण वेळ शिकणाऱ्या मुलीने आठवड्याचे काही तास काम केलं, तर तिच्या वडिलांनी काही गुन्हा केला असं होतं का?

ऑफिसर काकांकडे वळून सावकाश बोलला, एकेक शब्द सुटा. “मिस्टर लोपीस, सिडनीतली निम्मी मुलं काम करून शिकतात. माझी स्वतःची मुलगी बेकरीत मीट-पाय विकते. गुन्हा नाही. तुम्ही तिला शिकवताय हेही मी मान्य करतो. तिने किती कमावलं ते तिच्या नावावर लिहा, एवढंच आम्हाला हवंय.”

“मान्य करता? लिहून?”

“लिहून.”

काकांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. मग माझ्याकडे हात केला, पेनसाठी. ऑफिसरने पुढे केलेल्या दुरुस्तीच्या फॉर्मवरही तीच ओळ होती, ‘सदर रक्कम मुलीच्या मालकीची आहे’; तिच्याखाली त्यांनी सही केली. पेन रीटाकडे देताना म्हणाले, “इथे सही कर. आणि यापुढे काही हवं असेल तर मला विचार. तुझ्या आईला मधे घालू नकोस, ती माझ्या वतीने नाही म्हणते.”

परतीच्या ट्रेनमध्ये पॅरामाटा स्टेशन गेल्यावर काका एकदम म्हणाले, “गुरुवार आहे ना आज? किती वाजता जायचंय तुला?” रीटाने वेळ सांगितली. “मग स्टेशनच्या केमिस्टकडच्या बाजूनेच उतर. मी घरी सांगतो.”

परतावे आले, दोन वेगळे चेक, दोन वेगळ्या नावांचे. काकांची सूट बरीच घटली होती, पण असेसमेंटच्या कागदावर रीटाच्या नावापुढे ‘डिपेंडंट’ होतं, आणि तो कागद काकांनी मला दाखवायला मुद्दाम आणला. रीटाने आपल्या नावाचं बँकेत खातं उघडलं. पगार जमा करायचा की घरी द्यायचा यावर घरात किती दिवस काय झालं ते मी विचारलं नाही. बूट मात्र मी पुढच्या विंटरमध्ये चर्चच्या अंगणात पाहिले. चांगले होते. डिग्रीनंतरचं वर्ष तिने त्याच केमिस्टकडे काढलं.

दोनेक वर्षांत सरकारने ती मुलांची सूटच काढून टाकली आणि त्याऐवजी आईच्या नावावर भत्ता द्यायला लागलं. काका तक्रार घेऊन आले. “एवढा सूट घालून गेलो मी तिथे,” म्हणाले, “आणि पैसे आता हिच्या हातात?” मी म्हटलं, काका, ते तिचे आहेत. त्यांनी हात जोडले आणि गेले.

मी रिटायर होईपर्यंत त्याच धंद्यात राहिले, पुढे स्वतःच्या ऑफिसात. नवीन क्लायंट आला की पगार किती, टॅक्स किती कापला, हे फॉर्ममध्ये असतंच. त्याआधी मी एक प्रश्न विचारायचे: पगार हातात आला की तो पुढे कुणाकडे जातो? माल्टाचे, लेबनॉनचे, इटलीचे, आपले, सगळे आधी चमकायचे आणि मग सांगायचे. निम्म्या घरांत तो तिसऱ्याच माणसाकडे जायचा. कीथ म्हणायचा, कायद्यात असा प्रश्न कुठेच नाही. नाही खरा. पण त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय मी कधी कुणाच्या रिटर्नमध्ये पहिला आकडा लिहिला नाही.